पळपुटा कोणाला म्हणावं?

शब्दांची उलटतपासणी : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त न्यायालयीन भाषांतरकार बाईंची उत्तरं

प्रश्न : मी आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव होतो. गळती, पार्किंग आणि थकबाकीच्या भांडणांना कंटाळून मुदत संपायच्या आत राजीनामा दिला. पुढच्या वार्षिक सभेत एका सभासदाने मला 'पळपुटा' म्हटलं आणि ते इतिवृत्तात जसंच्या तसं उतरलं. जबाबदारी सोडणाऱ्याला हा शब्द चालतो का? नसेल तर कोणता चालेल?
– एक माजी सचिव, ठाणे

उत्तर : आधी एक सांगा, दप्तर दिलंत का? सभासद नोंदवही, चेकबुक, शिक्का, पंपाच्या खोलीची किल्ली हे सगळं यादी करून नव्या माणसाच्या हाती सोपवलं असेल आणि त्याची पोच घेतली असेल, तर तुम्ही पायउतार झालात. एवढंच. पण एखाद्या रात्री किल्ल्या रखवालदाराच्या टेबलावर टाकून फोन बंद करून बसला असाल, तर त्या सभासदाचा शब्द कडक आहे, पण खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पत्रात दप्तराचा उल्लेख नाही, तेव्हा दोन्ही शक्यता धरून लिहिते.

'पळणे'चं मूळ 'पलायन'. संस्कृतात 'परा' या उपसर्गापुढे 'अय्' म्हणजे जाणे हा धातू आला की 'र'चा 'ल' होतो, त्यासाठी पाणिनीने वेगळं सूत्रच लिहिलं आहे. दूर जाणे, इतकाच त्याचा अर्थ. गीतेच्या अठराव्या अध्यायात क्षत्रियाची स्वभावकर्मं सांगताना 'युद्धे चाप्यपलायनम्' असं येतं, म्हणजे युद्धातून न पळणं. पळण्याला नाव ठेवायचं तर आधी युद्ध हवं, ही अट तिथपासून आहे. वाघ दिसल्यावर पळाला त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही, शहाणा म्हणतात.

आता मराठी माणसाच्या तोंडी या शब्दाला जोडून जे नाव येतं ते घेऊ. दुसरा बाजीराव. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला तेव्हा बाजीराव पुणं सोडून गेले, ते अखेर वसईला इंग्रजांच्या आश्रयाला, आणि वर्षअखेरीस तह करून बसले. मग 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली, तेव्हा स्वारी पर्वतीवर होती. त्यानंतर महिनोन् महिने पुढे पेशवे, मागे इंग्रज अशी पळापळ चालली आणि जून 1818 मध्ये ते इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले. सालाना 8 लाखांचं पेन्शन घेऊन बिठूरला राहिले, 1851 मध्ये वारले. पण नुसतं पळाले म्हणून 'पळपुटा' चिकटला असं मला वाटत नाही. मधली एक तारीख बघा. 20 फेब्रुवारी 1818, आष्टी. तिथे पेशव्यांचे सेनापती बापू गोखले लढता लढता पडले आणि धनी निसटले. या शब्दाचं सगळं विष त्या मागे राहिलेल्या माणसात आहे.

याची उलटतपासणी करायची तर पानिपत घ्या. महादजी शिंदे 14 जानेवारी 1761 ला रणातून निघाले, पायाला जबर जखम झाली होती, राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना वाचवलं. महादजींना पळपुटा म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ते लंगडत परत उभे राहिले आणि 1771 मध्ये मराठी फौजा घेऊन दिल्लीत शिरले. सिंहगडाची कथा तर पोराटोरांना पाठ आहे. तानाजी पडल्यावर मावळे कड्याकडे धावले, सूर्याजीने दोर कापून टाकले होते, आणि तेच मावळे मागे फिरले. पळाले होते की नाही? पळाले होते. पण त्यांना आपण मावळेच म्हणतो, आणि भाषेला 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार मिळाला तो त्यांच्याच जिवावर. आणखी एक. 17 ऑगस्ट 1666 ला शिवाजी महाराज आग्र्याहून निघाले त्याला आपण 'सुटका' म्हणतो. 'आग्र्याहून पलायन' असं कोणी म्हटलं तर कानाला खडा लागल्यासारखं होतं. त्यांचं काम आग्र्यात नव्हतंच, राजगडाला होतं, आणि ते कामाकडेच निघाले होते.

रणछोड हे नाव याच रांगेतलं. जरासंधाच्या स्वाऱ्यांपायी श्रीकृष्णाने मथुरा सोडली. मराठीत 'रणछोडदास' म्हणजे टिंगल, पण गुजरातेत डाकोरला आणि द्वारकेला 'रणछोडराय' म्हणून त्याचीच पूजा होते. भक्तीचा भाग बाजूला ठेवला तरी मला तिथे एक गोष्ट दिसते: मथुरेचे लोक त्याने मागे सोडले नाहीत, सगळ्या यादवांना घेऊन गेला.

तर सचिवसाहेब, पळपुटा म्हणायला तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. झुंज चालू होती, तुम्ही निघालात आणि मागच्यांना उघड्यावर टाकलंत. चौथी परिस्थितीजन्य, की परत फिरायची संधी असूनही फिरला नाहीत. गळतीच्या भांडणाला झुंज म्हणावं का, हे तुमच्या वरच्या मजल्यावरच्यांना विचारा.

दप्तर दिलं असेल तर तुमच्या बाजूने सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे 'राजीनामा' हाच शब्द. फारसी 'राझी' म्हणजे संमत आणि 'नामा' म्हणजे लेख. तो आधी संमतीचा, तडजोडीचा कागद होता, जुन्या दिवाणी कज्जांत दोन पक्षांची समजूत पटली की राजीनामा दाखल व्हायचा. कमिटीने तुमचा राजीनामा मंजूर केला, म्हणजे तुमच्या जाण्याला त्यांची संमती झाली. संमतीने गेलेला पळपुटा कसा?

फार तर 'अंग काढून घेतलं' म्हणता येईल. बोलीत ते नेमकं बसतं: माणूस चाळीतच असतो, जिन्यात भेटतो, हसतो, फक्त त्या कामात त्याचं अंग नसतं. 'हात झटकले' म्हटलं की दोष आला, कारण झटकायला हाताला आधी काहीतरी लागलेलं असावं लागतं. 'काखा वर केल्या' हे पैशाच्या व्यवहारात जास्त शोभतं. 'पाठ' शब्दाची गंमत बघा. पाठ दाखवतात ती शत्रूला, पाठ फिरवतात ती आपल्या माणसांकडे. सभासद तुमच्यावर रागावले असतील तर ते दुसऱ्या पाठीसाठी, आणि बोलले मात्र पहिलीबद्दल.

इतिवृत्ताचं म्हणाल तर पुढच्या सभेत पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हाच असतो. तिथे उभं राहून दुरुस्ती सुचवा: 'सचिवांनी मुदतपूर्व राजीनामा दिला, तो मंजूर झाला'. विशेषणं इतिवृत्तात येत नाहीत, ठराव येतात. भांडू मात्र नका, नाहीतर तेही इतिवृत्तात येईल.

प्रश्न : मी सैन्यातून निवृत्त झालो. पलटण सोडून पळणाऱ्याला आम्ही हिंदीत 'भगोडा' म्हणायचो. मराठी बातम्यांत अशा जवानाला 'फरार' म्हणतात, ते मला खटकतं. रजा संपून चार दिवस उशिरा आलेला आणि कायमचा पळालेला, दोघांनाही तेच. मराठीत वेगळे शब्द नाहीत का?
– एक माजी सैनिक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमचं खटकणं बरोबर आहे आणि कायदाही तुमच्याच बाजूने आहे. 1950 च्या सेना अधिनियमात ही दोन कलमं शेजारी शेजारी आहेत. 38 वं पलायनाचं, 39 वं परवानगीवाचून गैरहजर राहण्याचं, ज्यात रजेपेक्षा जास्त दिवस घालवणंही येतं. शिक्षेत जमीन-अस्मानाचं अंतर. प्रत्यक्ष मोहिमेवर असताना किंवा तसा हुकूम झालेला असताना पळाला तर मृत्युदंडापर्यंत, एरवी सात वर्षांपर्यंत कैद. नुसत्या गैरहजेरीला तीन वर्षांपर्यंत. तीस दिवस पत्ता लागला नाही की चौकशी न्यायालय बसवतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दोघांत फरक दिवसांचा नसतो, मनात काय होतं त्याचा असतो. बायकोच्या बाळंतपणासाठी थांबला आणि उशिरा हजर झाला तो गैरहजर. वर्दी विहिरीत टाकून नाव बदलून दुसऱ्या राज्यात गवंडीकाम धरलं, तो दुसऱ्याच दिवशी सापडला तरी पळालेलाच.

'फरार' या दोघांनाही नीट बसत नाही. अरबीत त्याचा अर्थ पळणंच आहे, पण मराठीत आणि कायद्यात तो पोलिसांच्या बाजूचा शब्द झाला. वॉरंट निघालं, माणूस सापडत नाही, मुद्दाम लपून राहिला आहे, मग न्यायालय जाहीरनामा काढतं की अमुक तारखेला हजर व्हा, आणि त्यासाठी किमान तीस दिवस देतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 82 खाली होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 84 खाली आहे. म्हणजे फरार माणसाच्या मागे कोणीतरी लागलेलं असतं. 2018 च्या कायद्यातले 'फरार आर्थिक गुन्हेगार' तसेच: शंभर कोटी किंवा त्याहून अधिकचा मामला, अटकेचं वॉरंट, आणि स्वारी परदेशात. त्यांनी कर्ज चुकवलं, पहारा सोडला नाही.

बातमीत मी काय लिहीन? 'पलटणीतून पळालेला जवान' आणि 'रजेनंतर हजर न झालेला जवान'. लांबलचक वाटतं ना? दोन शब्द वाचवायला एखाद्याच्या आईबापाला गावात तोंड लपवायला लावू नये. 'भगोडा' टीव्हीवरून मराठीत शिरला आहेच, पण त्यात मला पलटणीची शिस्त ऐकू येत नाही, नुसता आरडाओरडा ऐकू येतो. हे माझं मत, तुमच्या बराकीतलं तुम्ही जाणता.

जाता जाता 'परागंदा'. फारसीत 'पसरलेला, विखुरलेला'. दुष्काळात, सावकाराच्या जाचात गाव सोडून गेलेल्या माणसाला तो शब्द शोभतो. तो कर्तव्य सोडून गेलेला नसतो, त्याला बिचाऱ्याला राहणंच अशक्य झालेलं असतं. काही बातमीदार घोटाळेबाजांना 'परागंदा' म्हणतात. इतकी दया नको.

प्रश्न : कामचुकार, अंगचोर आणि आळशी यांत फरक आहे का? कार्यालयात तिन्ही एकाच माणसाबद्दल ऐकले.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : एकाच माणसात तिन्ही असू शकतात, गुणी माणसं असतात अशी. आळशी बसतो. त्याला बसल्याची लाज वाटत नाही आणि तो तुमच्यापासून लपवतही नाही. कामचुकाराला मात्र अक्कल लागते. काम यायच्या वेळेला चहाला गेलेलं असावं लागतं, फाइल दुसऱ्याच्या टेबलावर जाईल अशी शेऱ्याची भाषा लिहावी लागते. 'चुकार' शब्द गुरांकडून आला: कळपातून हळूच बाजूला होऊन भलत्याच शेतात शिरणारं जनावर चुकार. अंगचोर कामावर असतो, सगळ्यांबरोबर पालखीचा दांडा धरतो, फक्त खांदा लावत नाही. त्याला पकडणं सर्वांत अवघड, कारण हजेरीपटात तो कायम हजर.

सरकारी कागदावर यांतलं काहीच लिहीत नाहीत. तिथे 'कर्तव्यात कसूर', 'कामात हयगय', 'विनापरवाना गैरहजेरी'. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 चे, त्यात कर्मचाऱ्याकडून सचोटी आणि कर्तव्यपरायणता मागितली आहे. कर्तव्यपरायण माणसाला मी नोकरीत पाहिलं आहे. त्याच्याच टेबलावर इतरांच्या फाइली असायच्या.

प्रश्न : नवऱ्याने सोडून दिलेल्या बाईला 'टाकलेली' म्हणतात, शुद्ध भाषेत 'परित्यक्ता'. सोडून जाणाऱ्या नवऱ्याला काय म्हणायचं? माझ्या मुलीच्या बाबतीत हा प्रश्न आमच्या घरात रोज असतो. लोक तिला नाव ठेवतात, त्याला नावच नाही.
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नात उत्तर आहे. रुळलेला शब्द नाही. 'परित्यक्ता'चं पुल्लिंग 'परित्यक्त' होतं, पण त्याचा अर्थ 'टाकलेला' असाच होईल, टाकणारा नव्हे. 'परित्याग करणारा' हा शब्द झाला नाही, वाक्य झालं. मराठीने कर्म केलेल्याला मोकळं सोडून ज्याच्यावर ते झालं त्याच्या कपाळी शिक्का मारला आहे. पलटणीतून पळाला तर शब्द आहे, पेशवाई सोडून पळाला तर शब्द आहे, घरातून पळाला तर लोक म्हणतात, 'तो हल्ली पुण्याला असतो.'

मी न्यायालयात बसायचे तेव्हा पोटगीच्या एका खटल्यात एक बाई साक्षीला उभी राहिली. अंगावर ठेवणीतली साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत रेशनकार्ड. तिच्याच वकिलांनी विचारलं, 'तुम्हाला नवऱ्याने केव्हा टाकलं?' बाई म्हणाली, 'टाकलं न्हाई सायेब. मी माज्या घरातच हाय. गेलाय त्यो.' वकिलांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तिने पुन्हा तेच उत्तर दिलं, जरा मोठ्याने. मला ते इंग्रजीत उतरवायचं होतं. वकिलांना हवा होता तो 'डेझर्शन'. तो शब्द इंग्रजीत सैनिकालाही चालतो आणि नवऱ्यालाही, आणि त्यात बोट पळणाऱ्याकडेच असतं. मी बाईचं वाक्य होतं तसं ठेवलं: ती घरात आहे, तो गेला आहे. न्यायमूर्तींनी ते वाचून मान वर केली आणि तिला विचारलं, 'घरभाडं कोण भरतं?' 'मीच की.' त्या उत्तरापुढे दोन्ही वकिलांचे पुष्कळ प्रश्न निकामी झाले.

कायद्यात तुमच्या मुलीची बाजू शब्दांपेक्षा बळकट आहे. हिंदू विवाह अधिनियम 1955 चा, त्यात कलम 13 खाली सलग दोन वर्षं परित्याग हे घटस्फोटाचं कारण आहे, ही तरतूद 1976 च्या दुरुस्तीने आली. त्या परित्यागाची व्याख्याही दिली आहे: सबळ कारणाशिवाय आणि जोडीदाराच्या संमतीशिवाय किंवा इच्छेविरुद्ध सोडणं, आणि मुद्दाम दुर्लक्ष करणंही त्यातच. सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्येच सांगून ठेवलं आहे की नुसतं वेगळं राहणं पुरत नाही, कायमचं सोडायचा हेतूही दिसावा लागतो. म्हणून एकाच छपराखाली कोण राहतं यापेक्षा संसार कोणी मोडला हे बघतात. ज्याच्या वागण्याने दुसऱ्याला घर सोडावं लागलं, त्यानेच सोडलं असं ठरू शकतं. मुलगी आज तुमच्याकडे, माहेरी राहत असेल तर हे वकिलांना जरूर विचारा. पोटगीसाठी दोन वर्षं थांबायचं कारण नाही. ऐपत असून पोसत नाही, एवढं पुरतं. ते आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 144.

शब्दाचं म्हणाल तर मी 'पळपुटा' सुचवते. वर सचिवसाहेबांना सांगितलेल्या तिन्ही अटी इथे बसतात: संसार चालू होता, तो निघाला आणि मागच्यांना वाऱ्यावर सोडलं. कोणी विचारलं, 'मुलगी टाकलेली का हो?' तर म्हणा, 'नाही, जावई पळपुटा निघाला.' सोलापुरात हे वाक्य एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला वेळ लागणार नाही.

प्रश्न : 'पोबारा केला' यातला पोबारा कोण?
– इयत्ता नववीतला एक वाचक, नाशिक

उत्तर : कोणी माणूस नाही, बाळा. सोंगट्यांच्या खेळातलं ते एक दान, 'पौ' म्हणजे एक आणि पुढे बारा. मोठं दान, पडलं की सोंगटी घरं ओलांडत लांब निघून जाते. हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब फळफळणं, चांदी होणं. मराठीने त्याच दानातलं नशीब सोडलं आणि पळणारी सोंगटी तेवढी घेतली. 'सूंबाल्या करणे', 'धूम ठोकणे', 'गुंगारा देणे' हे त्याचे भाऊबंद, पण गुंगारा द्यायला मागे कोणीतरी लागलेलं असावं लागतं आणि पोबाऱ्याला तशी गरज नाही. निबंधात 'शिपायाने कर्तव्यावरून पोबारा केला' असं लिहू नकोस, हसू येतं. 'आंबे पाडून पोबारा केला' असं लिही, आणि बाईंनी विचारलं कोणी, तर मला पत्र पाठव.